पाच वर्षांच्या मुलासाठी टिकणारा चष्मा

प्रश्न : एक आई, मनीषनगर, नागपूर
माझ्या मुलाच्या उजव्या डोळ्याचा नंबर अधिक ५ आणि डाव्याचा अधिक ३ आहे. उजवा डोळा आळशी (नजर कमी असलेला) असल्याने डॉक्टरांनी चष्मा दिवसभर लावायला आणि डाव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी चिकटवायला सांगितले आहे. मुलगा अतिशय चपळ आहे आणि एका जागी बसत नाही. सात महिन्यांत तीन चष्मे झाले : पहिल्याची काडी बिजागरीपाशी तुटली, दुसरा ट्रॅफिक पार्कमध्ये घसरगुंडीवर वाकडा झाला आणि तिसऱ्याची एक काच खेळताना निघून पडली, ती सापडलीच नाही. नवीन चष्मा येईपर्यंत पाच-सहा दिवस तो चष्म्याविना राहतो आणि त्या दिवसांत त्याचा उजवा डोळा नाकाकडे वळलेला स्पष्ट दिसतो. खर्चापेक्षा मला याची काळजी अधिक वाटते. रबराची फ्रेम घ्यावी की धातूची? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर : चष्म्याच्या दुकानात काम करणारा, महाल
ताई, फ्रेम कशाची आहे हे पाहण्याआधी ती मुलाच्या चेहऱ्यावर बसते का ते पाहा, कारण सैल चष्मा घसरतो, मूल तो दिवसातून पन्नास वेळा एका हाताने वर ढकलते किंवा एकच काडी ओढून काढते आणि बिजागरी तिथेच कमजोर होते. काडीच्या आतल्या बाजूला ४२-१५-१२५ असे तीन आकडे असतात : काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी आणि काडीची लांबी, सगळे मिलिमीटरमध्ये. 'वाढत्या अंगाचा' म्हणून मोठा चष्मा घेण्याची आपल्याकडे सवय आहे. कपड्यांना ती चालते, चष्म्याला नाही. मुलांची नाके चपटी असतात, त्यामुळे पूल रुंद असला की चष्मा खाली येतो, मूल काचेच्या वरून पाहू लागते आणि चष्मा नाकावर असूनही डोळ्याला नंबर मिळत नाही.

काच पॉलिकार्बोनेटचीच घ्या. नेहमीच्या प्लॅस्टिकच्या काचेपेक्षा ती आघात कितीतरी अधिक सोसते, फुटून डोळ्यात जाण्याचा धोका फार कमी असतो आणि तिचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याची क्षमता) १.५९ असल्याने अधिक (प्लस) नंबराची मधे जाड होणारी काच थोडी पातळ बनते. मात्र तिच्यावर ओरखडे लवकर पडतात, म्हणून त्यापासून वाचवणारा थर असलेलीच मागा. फ्रेम लहान, गोलसर आणि पूर्ण कडेची असावी. अर्ध्या कडेची मुलांना कधीही घेऊ नये. तुमच्या तिसऱ्या चष्म्याची काच बहुधा स्क्रू ढिला झाल्याने किंवा काच किंचित लहान घासली गेल्याने निघाली असावी.

रबर की धातू याबद्दल माझे मत असे की या वयाला बाहेरच्या बाजूलाही उघडणारी स्प्रिंगची बिजागरी असलेली टीआर-९० ची, म्हणजे एका लवचिक प्लॅस्टिकची फ्रेम बरी. ती वाकते आणि परत जागेवर येते. तिचा तोटा असा की गरम करूनही ती हवा तसा आकार सहज घेत नाही, त्यामुळे ती विकत घेतानाच नीट बसली पाहिजे.

उत्तर : दोन मुलींचा बाबा, त्रिमूर्तीनगर
दादांचे म्हणणे पटते, पण धातूच्या फ्रेमलाही एक गुण आहे : ती वाकली तर बर्डीवरच्या दुकानात नेऊन दहा मिनिटांत सरळ करून मिळते. आमच्या थोरलीला आम्ही तीच घेतली. धाकटी तीन वर्षांची असताना तिला एकसंध रबरी फ्रेम पट्ट्यासह होती. तिला बिजागरीच नसल्याने तुटायला काही नव्हते, पण उन्हाळ्यात कानामागे घामाने पुरळ येई. तुमच्या मुलाला खेळताना मागून लवचिक पट्टा लावा. आणि ताई, त्याच नंबराचा दुसरा चष्मा आत्ताच करून ठेवा. कुठलीही फ्रेम कधीतरी तुटणारच आणि तुमची खरी अडचण मधल्या पाच दिवसांची आहे.

उत्तर : निवृत्त शिक्षिका, धरमपेठ
एक गोष्ट राहिली. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा बंद गाडीत समोर ठेवलेल्या चष्म्याच्या काचेवरील थराला बारीक तडे जातात. माझ्या नातीच्या चष्म्याचे हेच झाले. शिवाय आपल्याकडच्या धुळीत कोरडी काच ओढणीने किंवा शर्टाच्या टोकाने पुसणे म्हणजे ती घासणेच होय. आधी नळाखाली धरावी, थेंबभर साबण लावावा, मग मऊ सुती कापडाने टिपावी.

प्रश्नकर्ती आई
सर्वांचे मनापासून आभार. काल जुन्या चष्म्याची काडी उलटून पाहिली तर पुलाचा आकडा १८ निघाला आणि दुकानात त्याला १४ चा व्यवस्थित बसला. टीआर-९० ची एक फ्रेम आणि राखीव म्हणून धातूची एक, दोन्हींत पॉलिकार्बोनेटच्या काचा सांगितल्या आहेत. नमुन्याची फ्रेम लावून त्याला दुकानातच उड्या मारायला लावल्या. त्याने सात-आठ मारल्या, खाली वाकून बुटाची पट्टीही लावली आणि हात एकदाही नाकाकडे गेला नाही.