बेथनल ग्रीनचे मजूर सोळाव्या वर्षी मरायचे?

प्रश्न: इंग्लंडचे आरोग्य सुधारक एडविन चॅडविक यांच्या मजुरांच्या आरोग्यावरच्या १८४२ च्या रिपोर्टमध्ये लंडनच्या बेथनल ग्रीन पॅरिशचे (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचे) आकडे बघितले, मृत्यूचं सरासरी वय सधन घरांत ४५, व्यापाऱ्यांत २६ आणि मजुरांत १६, हे कसं शक्य आहे??

उत्तर १: अहो तान्ही मुलं इतकी जायची की सरासरीच खाली यायची. गोवर, डांग्या खोकला, जुलाब. एका खोलीत अख्खं कुटुंब, कित्येक घरांत मिळून एक संडास, नळाला पाणी ठरावीक वेळच मग ते पिंपात साठवायचं, वाचून जीव तुटतो.

उत्तर २: बरोबर, पण जिथे मुळात मुलंच जास्त तिथे हे सरासरी वय फसवं असतं, हजारी मृत्यू (दर हजार माणसांमागे वर्षाला किती) वयोगटानुसार बघा. तिकडच्या १८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एखाद्या गावात हजारी २३ च्या वर मृत्यू गेले की सरकार तिथे स्थानिक आरोग्य मंडळ लादू शकायचं, आणि लंडनच त्यातून वगळलेलं!