टोक गुळगुळीत म्हणून हत्यार ठरत नाही

गोव्यातल्या कुशावती नदीच्या काठी मिळालेलं एक गुळगुळीत, टोकदार हाड आदिमानवाचं हत्यार असावं, असा एकाचा अंदाज आहे. घाई नको. नदीची वाळूही हाड गुळगुळीत करते, पण सगळीकडून. दक्षिण आफ्रिकेतल्या स्वार्टक्रान्स गुहेत सापडलेल्या, आदिमानवाची हत्यारं मानल्या गेलेल्या हाडांची झीज फक्त टोकाकडे आहे आणि बारीक ओरखडे लांबीला समांतर. हाडाने वाळवीचं वारूळ उकरलं की तसेच ओरखडे उमटतात, हे प्रयोगांत दिसलंय. म्हणून दहापट भिंगाखाली, तिरक्या उजेडात टोक आणि मागचा भाग ताडून बघा. ब्रशने मुळीच घासू नका, नवे ओरखडे पडले की पुरावाच गेला! शिवाय आपल्या जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत हाड फार टिकत नाही, त्यामुळे ते अलीकडचं असण्याचीच शक्यता जास्त.