घरकुलासाठी चांगलं घर पाडायचं का? दुरुस्तीला अनुदान का नाही?

माळवदकर
परवा एकानं लिहिलं, "खेड्यातल्यांना फुकटाची सवय लागलीय. घरकुलं दिली, आता डागडुजीलाही पैसे पाहिजेत." वाचून डोकं फिरलं. प्रधानमंत्री आवास ग्रामीणचे सपाट भागातले १ लाख २० हजार फक्त नव्या बांधकामाला मिळतात. आधीच्या इंदिरा आवास योजनेत कच्चं घर सुधारायची सोय होती, २०१६ला नवी योजना आली आणि ती गेली. आमचं चार खणांचं माळवद आहे, म्हणजे वर मातीचं सपाट छत. दोन तुळया वाळवीनं पोखरल्यात, न्हाणीकडचा कोपरा गळतो. बाकी भिंती दोन हात रुंद, जागच्या हललेल्या नाहीत. तुळया बदलल्या की घर उभं राहतंय. पण दुरुस्तीला एक रुपया नाही, आणि नवं बांधायला जागा नाही म्हणून लोक चांगली घरं पाडतायत.

लातूरकर
माळवदाचं कौतुक आम्हाला नका सांगू. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात याच रुंद भिंती आणि वरची हातभर माती लोकांच्या अंगावर आली. माझी आत्या त्यात गेली. तिच्याही भिंती हललेल्या नव्हत्या.

माळवदकर
आत्याबद्दल वाईट वाटलं. पण त्याच भूकंपानंतर कमी पडझड झालेल्या गावांत सरकारनंच दुरुस्ती-मजबुतीकरणाला पैसे दिले होते. छतावरची माती कमी केली, भिंतीत आरपार दगड घातले, खांब-तुळईला तिरपे टेकू दिले. तेव्हा जमलं, तर आता का नाही?

पंचायत सदस्य
तेव्हा तपासायला माणसं होती. घरकुलाचं जोतं झालं की फोटो चढतो, हप्ता पडतो. तुळई बदलली की नुसता रंग दिला, हे फोटोत कसं दिसणार? आणि वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या निधीतून द्या म्हणू नका. पंधराव्या आयोगात (२०२१-२६) साठ टक्के बंधित होता, म्हणजे फक्त पाणी-स्वच्छतेचा. उरलेल्यात गावाचे रस्ते आणि दिवे.

गवंडी
नवं की जुनं भांडत बसा. वाळू कुठाय? पाच ब्रास मोफत म्हणतात, पण वाहतूक आपली. आमच्या तालुक्यात वाळूघाट सुरू व्हायची वाट बघत जोती तशीच पडलीत. पहिल्या हप्त्याच्या १५ हजारांत पाया खणून होतो, पुढं व्याजानं पैसे काढायचे.

पंचायत सदस्य
पास काढा की ऑनलाइन.

गवंडी
पास काढून ट्रॅक्टरवाल्याकडं गेलो. त्यानं जेवढं भाडं सांगितलं, तेवढ्यात क्रशरची कृत्रिम वाळू आली असती. तुम्ही कधी ट्रॉली भरलीय का?

पंचायत सदस्य
माझ्यावर घसरू नका. भाडं मी ठरवत नाही.

विदर्भातली
वाळू असून काय करता, ज्यांचं नावच ड यादीत, म्हणजे घरकुलाच्या प्रतीक्षा यादीत नाही ते? आमच्या शेजारी विधवा बाई राहते, कुडाचं घर. सर्वेक्षणाच्या दिवशी ती मजुरीला गेली होती, घराला कुलूप. तिला ना घरकुल, ना दुरुस्ती. दरवर्षी मृगाआधी ताडपत्री घेते.

लातूरकर
या बाईला आधी द्या, त्यावर कुणाचं भांडण नसावं. दुरुस्तीचं म्हणाल तर द्या पैसे, पण छतावरची माती उतरवल्याशिवाय आणि अभियंता घरात येऊन गेल्याशिवाय दुसरा हप्ता नको. यापुढं मी एक पाऊल सरकणार नाही.

माळवदकर
माती उतरवायला मी उद्या तयार आहे. पण गट विकास अधिकाऱ्यांकडं अर्ज लिहायचा तर कोणत्या योजनेखाली?