मदत हवी आहे: गाडीच्या वायरिंग मॅन्युअलची जुनी सीडी नव्या लॅपटॉपवर उघडत नाही

रॅम्पवर_गाडी
सीडी ओरिजिनल आहे. नव्या लॅपटॉपवर चालत नाही. कम्पॅटिबिलिटी मोड लावून झाला, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून रन करून झालं. रेडिएटरचा फॅन लागत नाहीये, रिलेपासून (फॅन चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचपासून) पुढे वायर कुठे जाते तेवढंच बघायचंय. शनिवारी गाडी द्यायची आहे. कोणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

बिटबाइट
"चालत नाही" म्हणजे काय? सीडी वाचत नाही, सेटअप होत नाही, की सेटअप होऊन आकृती दिसत नाही? विंडोज कुठली? एररचे शब्द जसेच्या तसे द्या. आणि सीडी उघडून आत कुठले फोल्डर, कुठल्या प्रकारच्या फाइल्स आहेत ते लिहा.

नानापेठी
या भानगडीत पडूच नका. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जा, एक्सपीवाला जुना लॅपटॉप घ्या, डीव्हीडी ड्राइव्ह चालतो का ते तिथेच सीडी घालून बघा. गॅरेजमध्ये कायमचा ठेवून द्या.

रॅम्पवर_गाडी
बुधवार गेला आणि रविवारपर्यंत थांबता येणार नाही. विंडोज ११ आहे, यूएसबीचा सीडी ड्राइव्ह लावलाय. सेटअपवर डबल क्लिक केलं की "हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही" असं येतं.

बिटबाइट
मग कम्पॅटिबिलिटी मोड कितीही बदला, फरक पडणार नाही. त्या काळात प्रोग्रॅम ३२ बिटचा असला तरी सेटअपची फाइल बऱ्याचदा १६ बिटची असायची. ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिट चालवणारा भागच नाही, आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालेलीच नाही. फाइल्सचं विचारलं होतं, ते राहिलं.

कोथरूड_८७
फॅनचंच बघायचं असेल तर मॅन्युअल कशाला हवं? रिले काढा. सॉकेटच्या पिनांवर नंबर असतात. ३० वर, म्हणजे बॅटरीकडून येणाऱ्या पिनवर, सतत १२ व्होल्ट यायला हवेत. फ्यूज लावलेल्या वायरने ३० आणि ८७ (फॅनकडे जाणारी पिन) जोडा. फॅन फिरला तर मोटर आणि तिची अर्थ ठीक, दोष रिले ओढणाऱ्या कॉइलच्या बाजूला, म्हणजे ८५-८६ या पिनांकडे.

रॅम्पवर_गाडी
ते केलंय, फॅन फिरतो. ८६ ला इग्निशन चालू केल्यावर १२ व्होल्ट येतात. ८५ ची वायर कंट्रोल युनिटपर्यंत कुठल्या कनेक्टरमधून जाते ते हवंय. सीडीत एचटीएमएलच्या फाइल्स आहेत आणि एका फोल्डरमध्ये शेकड्याने एसव्हीजीझेड. दुसऱ्या फोल्डरमध्ये एसव्हीजीव्ह्यू नावाची एक्झी आहे. गाडी २००३ ची डिझेल.

बिटबाइट
हे आधीच सांगितलं असतं तर काल रात्रीच काम झालं असतं. एसव्हीजी म्हणजे रेघांच्या आकृतीची फाइल. ती एक्झी म्हणजे अडोबीचा एसव्हीजी व्ह्यूअर, इंटरनेट एक्सप्लोररमध्ये आकृती दाखवणारा प्लगइन. त्याचा सपोर्ट १ जानेवारी २००९ ला बंद झाला.

हिंजवडी_फेज२
एज ब्राउझरमध्ये इंटरनेट एक्सप्लोरर मोड आहे की! सेटिंग्ज, डिफॉल्ट ब्राउझर, तिथे "अलाव" करा आणि एचटीएमएल त्यात उघडा.

बिटबाइट
त्याने डावीकडची यादी येईल, उजवीकडे आकृतीच्या जागी कोरा चौकोन राहील. इंटरनेट एक्सप्लोरर ९ पासून ब्राउझर स्वतःच एसव्हीजी काढायला लागला, आणि ही पानं जुन्या प्लगइनला हाक मारतात.

घाई आहे म्हणून सरळ रस्ता सांगतो. एसव्हीजीझेड म्हणजे जीझिपने दाबलेली एसव्हीजी, दुसरं काही नाही.

आधी सगळी सीडी हार्ड डिस्कवर कॉपी करा. मूळ सीडी पुन्हा पुन्हा फिरवू नका. वाचताना अडखळली तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. ओरखडा गोल गेला तर ड्राइव्हला ती जागा भरून काढता येत नाही. मग सगळ्या एसव्हीजीझेड निवडून सेव्हन-झिपने एकदम एक्स्ट्रॅक्ट करा. तशाच फायरफॉक्समध्ये टाकल्यात तर एक्सएमएलची एरर येईल. बाहेर आलेली एसव्हीजी कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते.

आता शेकडो फाइल्समधून आपली शोधायची. एसव्हीजी म्हणजे आतून साधा मजकूर. नोटपॅड प्लस प्लसमध्ये "फाइंड इन फाइल्स" घ्या, फोल्डर दाखवा आणि इंग्रजीत फॅन शोधा. अक्षरं मजकूर न ठेवता रेघांनी काढलेली असतील तर सापडणार नाही. तेव्हा हाच शब्द एचटीएमएलमध्ये शोधा, त्याच ओळीत आकृतीचं फाइलनेम असतं.

नानापेठी
पण कनेक्टरवर क्लिक करून पिनआउट (कुठल्या पिनवर कुठली वायर त्याचा तक्ता) उघडायचा, ते यात येणार नाही. एक्सपीच लागणार.

बिटबाइट
लिंक चालणार नाहीत, बरोबर. पण एक्सपीसाठी वेगळा लॅपटॉप कशाला? व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे लॅपटॉपच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्रॅम. त्यात एक्सपी ३२ बिट निवडा, ५१२ एमबी रॅम, १० जीबी डिस्क पुरते. डिस्कचा कंट्रोलर आयडीई (जुन्या प्रकारचा) राहू द्या. साटा (नव्या प्रकारचा) केलात तर एक्सपीत ड्रायव्हर नसल्याने ७बी एररची निळी स्क्रीन येते. नेटवर्क बंद ठेवा, एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले. सीडीची आयएसओ, म्हणजे अख्ख्या सीडीची एकच हुबेहूब फाइल, करून जोडा. काही मॅन्युअल्स सीडीचं लेबल तपासतात आणि फोल्डर कॉपी केला की लेबल हरवतं. व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्ट अ‍ॅडिशन्स (स्क्रीन वगैरेचे ड्रायव्हर) एक्सपीत टाका, नाहीतर छोट्या स्क्रीनवर अर्धी आकृती कापली जाते.

मावळ_मशीन
फॅनवरून आठवलं. हेडलाइटचा करंट स्विचमधून नेऊ नका. ५५ वॉटचे दोन बल्ब मिळून ९ अँपिअरच्या वर जातात. ३० अँपिअरचा रिले आणि २.५ चौरस मिमी वायर, फ्यूज बॅटरीजवळ.

कोथरूड_८७
माहिती चांगली आहे, पण वेगळा धागा काढा. इथे फॅन चाललाय.

रॅम्पवर_गाडी
एचटीएमएलमध्ये शोधल्यावर सापडली! ८५ ची वायर डाव्या हेडलाइटमागच्या कनेक्टरमधून जाते. प्रिंट मात्र चार तुकड्यांत येतोय, आणि काळ्या-पांढऱ्यात वायर ओळखता येत नाहीत.

बिटबाइट
इंकस्केपमध्ये (एसव्हीजीचा ड्रॉइंग प्रोग्रॅम) उघडा, पानाचा आकार आकृतीएवढा करा, पीडीएफ काढा आणि अप्पा बळवंत चौकात ए३ वर रंगीत प्रिंट मारा.

कोथरूड_८७
रंगांची अक्षरं कुठल्या देशाची ते आधी बघा. जर्मन आकृतीत बीआर म्हणजे तपकिरी, आणि तीच अर्थ. जपानी आकृतीत नुसता बी म्हणजे काळा, एल म्हणजे निळा. ही गल्लत करून चुकीची वायर कापली जाते. कनेक्टर उघडलात की पिनवर हिरवट थर आहे का बघा, आणि वायर मागे हलकी ओढून बघा. क्रिंपमध्ये (टर्मिनलने वायर दाबून धरलेल्या जागी) आतून तुटलेली तार बाहेरून शाबूत दिसते.

रॅम्पवर_गाडी
८५ ची पिन हिरवी पडलीये, हात लावताच वायर क्रिंपमधून सुटली. नवीन टर्मिनल घालतोय.

सिंहगड_रोड
माझ्या सीडीत एसव्हीजी नाही, एचएलपी (विंडोजची जुनी हेल्प फाइल) आहे. तेच करू का?

बिटबाइट
नाही. ती उघडणारा विनहेल्प विंडोज १० पासून चालत नाही. एचएलपीसाठी वरचा व्हर्च्युअलबॉक्सचाच मार्ग घ्या. आणि गाडी कुठली ते आधी लिहा.