आधी तिन्ही तारा फिरवून पाहा

थ्री-फेज मोटरच्या तीन तारांपैकी एकीवर, म्हणजे एका फेजवर, अँपिअर कमी-जास्त दिसले की मोटरचं वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) गेलं समजा, असं म्हणतात. नेहमीच तसं नसतं. आमच्या वणीकडच्या कापसाच्या जिनिंगमध्ये 20 एचपीच्या मोटरला टाँग टेस्टर (तारेभोवती धरून अँपिअर मोजायचा चिमटा) लावला तर 30, 31 अन् 20! मिस्त्री तर मोटर खोलायलाच बसला होता. मी मेन बंद करून स्टार्टरच्या इनकमिंगच्या, म्हणजे लाइनकडून येणाऱ्या, तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकवायला लावल्या. (तिन्ही सरकवल्या तर दिशा बदलत नाही, दोनच बदलल्या तर मोटर उलटी फिरते.) पुन्हा मोजलं तर 20 चा आकडा लाइनच्या त्याच फेजवर राहिला. म्हणजे दोष मोटरचा नाही, मागचा, लाइनकडचा. आकडा मोटरसोबत सरकला असता तर मिस्त्री बरोबर.

मेन स्विच उघडला, तर त्या फेजच्या फ्यूजची पकड जळून काळी, वर रुईचा थर. मोटर बंद असताना व्होल्टेज मात्र तिन्हीकडे सारखंच दिसायचं, लोड आला की त्या फेजचं पडायचं.