मदत हवी आहे: कादंबरीतला कल्पित धातू खरा कसा वाटेल?

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपासून एक अद्भुतरम्य कादंबरी लिहिते आहे. जग कल्पित असलं तरी जमीन मी आपल्या दख्खनवरूनच घेतली आहे: थरावर थर चढलेला काळा कातळ, सपाट माथ्याचे डोंगर, खाली काळी माती. पहिल्या खर्ड्यात नायिकेच्या हाती 'नीलसार' नावाचा धातू दिला होता. हलका, न गंजणारा, कशानेही न तुटणारा. मैत्रिणीने वाचून एवढंच विचारलं, "मग तो सगळ्यांकडे का नाही?" मला उत्तर देता आलं नाही. ते प्रकरण तेव्हापासून तसंच पडून आहे.

मग वाचायला लागले, तर अडचण वाढली. आपल्या या काळ्या कातळात, म्हणजे बेसाल्टमध्ये, तांब्या-शिशाच्या खाणी काढण्याजोग्या शिरा मिळत नाहीत. शिरूर तालुक्यात इनामगावला सुमारे ३००० वर्षांपूर्वी जे शेतकरी राहत होते, ते तांबं जपून वापरत. रोजची पाती दगडाचीच, कॅल्सेडनीची. म्हणजे माझ्या पठारावर धातू घाट चढूनच येणार. मग पठाराचं स्वतःचं काय?

पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला कॅव्हन्साइट, एक निळं खनिज, मी एका प्रदर्शनात पाहिला होता. स्टिलबाइट नावाच्या पांढऱ्या खनिजावर सुयासुयांचा निळा गोंडा, बोराएवढा. काचेपाशी किती वेळ उभी होते कोण जाणे. असं काही कथेत आणायचंय, पण नुसता शोभेचा खडा म्हणून नाही.

दुसरं म्हणजे मला धातूची रोजची वागणूक हवी आहे. आजीकडे कल्हईवाला यायचा. पितळी पातेलं भट्टीवर फिरवायचा, नवसागर टाकला की पांढरा धूर नाकात जायचा, मग कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्याने तो आतून झरझर फिरवायचा. पातेलं चांदीसारखं व्हायचं. काही महिन्यांनी कल्हई उडाली की त्यातलं ताक कळकायचं, आणि आजी पुन्हा त्याची वाट बघायची. धातूभोवती माणसं कशी जगतात ते असं दिसतं. माझ्या धातूला असं काही कसं द्यावं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

मी धातुशास्त्र शिकवलं आहे, म्हणून लिहितो. 'सगळ्यांकडे का नाही' याला 'दुर्मीळ आहे म्हणून' हे उत्तर देऊ नका. जस्त बघा. उदयपूरजवळ जावरला खनिज भरपूर. पण जस्त ९०७ अंश सेल्सियसलाच उकळतं, आणि खनिजातून ते सुटं करायला त्याहून जास्त आच लागते. म्हणजे धातू जन्मतो तोच वाफ होऊन, आणि हवा लागली की पुन्हा पांढरी भुकटी. जावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी, म्हणजे धातू तापवायची भांडी, भट्टीत उलट्या लावल्या, नळीचं तोंड खाली, थंडाव्यात. वाफ खाली उतरली आणि थेंब धरला. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त काढण्याचं पेटंट घेतलं ते १७३८ साली. दगड दारात पडलेला असतो. तो उतरवण्याची हातोटी मूठभर घरांत असते.

आणखी एक. जावरला वापरून झालेल्या मुशींचे ढीग आहेत, लोकांनी घरांच्या भिंतीही त्यांनी रचल्या. तुमच्या भट्ट्यांमागे असा ढीग दाखवा. तुमच्या मैत्रिणीला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

प्रतिसाद २

कॅव्हन्साइटमध्ये कॅल्शियम आणि सिलिकाबरोबर व्हॅनेडियम नावाचा धातू असतो. दक्षिण भारतातल्या मुशीच्या पोलादापासून तलवारींची जी दमास्कस पाती घडवत, त्यांच्यावरच्या लाटांसारख्या नक्षीमागे खनिजातला व्हॅनेडियमचा अगदी सूक्ष्म अंश असावा, असं संशोधनातून पुढे आलं आहे. मग पठाराने धातू द्यायलाच कशाला हवा? लोखंड घाटाखालचं, त्यात टाकायच्या खड्याची चिमूट पठाराची. एकाशिवाय दुसऱ्याचं अडतं. तहही त्यावरच होतील, लढायाही.

'नीलसार' मात्र बदला, ते पोथीतलं नाव आहे. खाणीतली माणसं अनुभवावरून नाव ठेवतात. जर्मनीत सॅक्सनीच्या खाणींत चांदीसारखं दिसणारं खनिज भाजलं की चांदी निघायची नाही, उलट विषारी धूर यायचा. खाणकामगारांनी त्याचं खापर खाणीतल्या कोबोल्ड नावाच्या भुतावर फोडलं. कोबाल्ट हे नाव तिथून आलं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. 'चिमूट पठाराची' वाचलं आणि रात्रीच ते प्रकरण पुन्हा उघडलं. नायिकेची तलवार काढून टाकली. आता ती एका मुशीवाल्याच्या घरातली आहे आणि तिच्या कमरेला खड्यांची पुरचुंडी आहे. खड्याचं नाव 'मोरडोळा'. चिमूट जास्त पडली तर पातं ठिसूळ होतं, हा नियम मी माझ्या जगापुरता ठरवला आहे.

एक शंका राहिली. या खड्यांच्या स्फटिकात पाणी असतं. तापलेल्या मुशीत ते टाकले तर फुटतील का, फसफसतील, की आधी भाजून घ्यावे लागतील? स्टिलबाइट किंवा तसलं काही कुणी निखाऱ्यावर तापवून पाहिलं असेल, तर आवाज आणि वास कसा येतो तेवढं सांगा.