सीपीयूचं टेम्परेचर चुकीचं दाखवते, काय करू?

सेतूवाला: भाऊ, सेतू केंद्रातल्या कॉम्प्युटरचा रायझन १८००एक्स (एएमडी कंपनीचा प्रोसेसर, म्हंजे सीपीयू) चालू केल्याबरोबर ६० डिग्री दाखवते, फॅन बोंबलते, पण हीटसिंकले (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याले) हात लावला तं नुसता कोमट, दारव्ह्याकडं ऊन हाय हे मान्य पण सकाळी सातलेही तेच, प्रोसेसर अन् हीटसिंकमधली पेस्टबी नवी लावली

वऱ्हाडी_गडी: सेन्सर चांगला हाय दादा. त्या चिपमध्ये एएमडीनंच फॅनसाठी २० डिग्री वाढवून दाखवायची सोय केली, त्याले टीसीटीएल म्हणतात. खरं टेम्परेचर टीडाय. एचडब्ल्यूइन्फो या टेम्परेचर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन टाकून तेच पाहजो, ४० च्या आसपास दिसन.

संत्राबाग: अन् खोलीत ४५ डिग्री असन अन् साध्या फॅनवरचा प्रोसेसर ३५ दाखवत असन तं तो आकडाबी खोटाच समज, हवेपेक्षा थंड होईन कसा?

सेतूवाला: टीडाय ४१ हाय! आता बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) फॅनचा कर्व्ह, म्हंजे किती डिग्रीले फॅन किती जोरात फिरावा ते, २० डिग्रीनं पुढं सरकवतो.